चषकावर कोणाचे नाव?

महाविद्यालयांच्या वार्षिक पारितोषिक समारंभात व्यासपीठावर चषकांची रांग लागते आणि निवेदक एकेक नाव पुकारू लागतो. कै. अमुक यांच्या स्मरणार्थ उत्कृष्ट खेळाडू, कै. तमुक यांच्या स्मरणार्थ उत्कृष्ट गोलंदाज, अमक्या मातोश्रींच्या स्मरणार्थ सर्वोत्तम कबड्डीपटू. लासलगाव, निफाड, येवला, कुठेही जा, समारंभाचा थाट हाच असतो. चषक घ्यायला येणारी मुले आता आपलीही असतात. बाजार समितीतल्या हमालाचा मुलगा असतो, खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बाईची मुलगी असते. टाळ्या वाजतात, फोटो निघतो, आईबापांचे डोळे भरून येतात. हे चित्र फुले-शाहू-आंबेडकरांच्या चळवळीनेच शक्य केले, याचा आम्हाला अभिमान आहे. परंतु चषक कोण घेतो एवढे पाहून भागत नाही. त्या चषकावर कोणाचे नाव कोरले आहे, हेही पाहिले पाहिजे. वाचकांनी आपल्या भागातील महाविद्यालयाच्या कपाटातील चषकांवरची नावे एकदा शांतपणे वाचावीत. त्यांत आपल्या माणसांची किती आहेत, ते मोजावे.

स्मृतिपारितोषिकाची रीत साधी आहे. ज्याच्याकडे पैसा आहे तो संस्थेकडे ठेव ठेवतो. तिच्या व्याजातून दरवर्षी पारितोषिक दिले जाते आणि ठेवणाऱ्याच्या बापाचे, आजोबाचे किंवा मुलाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या पुकारले जाते. यात गैर काही नाही. आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया चषक हा मुंबईच्या एका पारशी पित्याने आपल्या मुलाच्या स्मरणार्थ दिलेला आहे. १९३५ पासून तो खेळला जात आहे. त्या बापाच्या दुःखाचा आम्ही आदरच करतो. पण ज्या समाजाकडे ठेव ठेवायला पैसाच नव्हता, त्याच्या कर्तबगार माणसांचे काय झाले? ते मैदान गाजवून गेले आणि विसरले गेले.

याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे बाळू पालवणकर. १८७६ मध्ये धारवाड येथे चर्मकार कुटुंबात जन्मलेला हा माणूस पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबवर महिना चार रुपयांवर राबत होता. खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबाला सराव हवा असेल तेव्हा चेंडू टाकायचे, हे त्याचे काम. त्याच्या डावखुऱ्या फिरकीची कीर्ती झाली तेव्हा पुण्याच्या हिंदू क्लबला इंग्रजांविरुद्ध जिंकण्यासाठी तो हवासा वाटला. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सवर्ण हातांनी झेलला, पण चहाच्या वेळी त्याला तंबूबाहेर मातीच्या कपात चहा मिळत असे आणि जेवण वेगळ्या टेबलावर. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता! हाच या व्यवस्थेचा खेळ.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. याच महाराजांनी पुढे १९३४ मध्ये देशातील मुख्य स्पर्धेसाठी चषक दिला, तो रणजितसिंहांच्या स्मरणार्थ. रणजितसिंह मोठे फलंदाज होते यात शंका नाही, पण कसोटी सामने ते इंग्लंडकडून खेळले. पुढे दुलीप, देवधर, विजय हजारे, सी. के. नायडू अशी कितीतरी नावे स्पर्धांना मिळाली. बाळू पालवणकर १९५५ मध्ये वारले. त्यानंतर सत्तर वर्षे उलटली, पण देशपातळीवरच्या स्पर्धांच्या या रांगेत त्यांचे नाव आलेले नाही.

बाळूंचे धाकटे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही त्याच तोडीचे खेळाडू. हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना जातीमुळे वर्षानुवर्षे मिळाले नाही. १९२० मध्ये तर त्यांना संघातूनच वगळले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून बाहेर पडून जाहीर निषेध केला. महाडच्या चवदार तळ्याच्या सात वर्षे आधी क्रिकेटच्या मैदानावर झालेला हा स्वाभिमानाचा लढा आहे. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवले. विठ्ठल यांनी १९४८ मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीतच लिहिले. आपल्या किती घरांत ते आहे?

खेळात जात कशाला आणता, असे आता काही जण विचारतील. मातीचा कप तंबूबाहेर ज्यांनी ठेवला त्यांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. शिवाय पुरस्कारांची नावे निष्पाप असतात असे मानण्याचे कारण नाही. देशात १९८५ पासून उत्कृष्ट क्रीडा प्रशिक्षकाला जो पुरस्कार दिला जातो तो द्रोणाचार्यांच्या नावाने. ज्याला शिकवले नाही त्या एकलव्याचा अंगठा गुरुदक्षिणा म्हणून कापून घेणारा गुरू हा या देशात आदर्श प्रशिक्षक ठरतो! ज्या आदिवासी मुलाचा अंगठा गेला त्याच्या वारसांनी या नावाला टाळ्या वाजवाव्यात, अशी अपेक्षा आहे.

नावे बदलता येत नाहीत, असेही नाही. महाराष्ट्र शासन क्रीडा मार्गदर्शकांना दादोजी कोंडदेव यांच्या नावाने पुरस्कार देत असे. शिवरायांचे गुरू म्हणून दादोजींना लादणाऱ्या इतिहासाला बहुजन संघटनांनी आव्हान दिले आणि २००८ मध्ये शासनाला ते नाव काढावे लागले. केंद्राने २०२१ मध्ये खेलरत्न पुरस्कारावरील राजीव गांधींचे नाव काढून मेजर ध्यानचंद यांचे दिले. मतलब कोणाचा काहीही असो, पुरस्काराचे नाव ही दगडावरची रेघ नसते, एवढे यातून सिद्ध होते. रेटा लावणारे लोक हवेत.

हा रेटा कसा लावायचा, हे अमेरिकेतील एका महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाच्या गोष्टीतून समजते. तिकडचा फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. तो चेंडू हातात घेऊन अंगावर अंग घालून खेळायचा दांडगा खेळ. आयोवा राज्यातील कृषी महाविद्यालयात जॅक ट्राइस हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होता. पशुसंवर्धन शिकून दक्षिणेतील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी काम करावे, हे त्याचे स्वप्न. ६ ऑक्टोबर १९२३ रोजी मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यात तो प्रतिस्पर्ध्यांच्या पायांखाली तुडवला गेला आणि दोन दिवसांनी मरण पावला. वय अवघे २१. सामन्याच्या आदल्या रात्री त्याने लिहिलेली चिठ्ठी त्याच्या कोटाच्या खिशात सापडली. आपल्या वंशाची, घराची आणि आपली स्वतःची अब्रू उद्या पणाला लागली आहे, अशा अर्थाचे त्याने त्यात लिहिले होते. आपल्यातला जो मुलगा पहिल्यांदा अशा संघात उभा राहतो, त्याला ही चिठ्ठी समजावून सांगावी लागणार नाही.

त्याच्या नावाची एक पाटी लागली आणि पुढे तिच्यावर धूळ बसली. १९७३-७४ च्या सुमारास तेथील विद्यार्थ्यांनी नव्या मैदानाला जॅक ट्राइसचे नाव द्या, अशी मागणी सुरू केली. व्यवस्थापनाने टाळाटाळ केली. १९८४ मध्ये अर्धे दिले, म्हणजे स्टेडियमला दुसरे नाव आणि आतल्या मैदानाला ट्राइसचे. विद्यार्थी थांबले नाहीत. त्यांनी पैसे जमवून १९८८ मध्ये त्याचा पुतळा उभा केला. अखेर १९९७ मध्ये संपूर्ण स्टेडियमला त्याचे नाव मिळाले. मुले शिकून बाहेर पडत होती, नवी येत होती, पण मागणी एकाकडून दुसऱ्याकडे सोपवली जात होती.

ही कथा वाचताना आम्हाला मराठवाडा विद्यापीठाचे नामांतर आठवते. १९७८ मध्ये विधिमंडळाने ठराव केला आणि प्रत्यक्षात नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या सोळा वर्षांत पोचिराम कांबळेंसारख्यांचे प्राण गेले, घरे जळाली. नावाची किंमत काय असते हे या देशात आपल्याइतके कोणाला माहीत आहे? मग ज्या समाजाने एका नावासाठी एवढे भोगले, त्याने महाविद्यालयाच्या मैदानावरील चषकांकडे दुर्लक्ष का करावे? २०१४ पासून पुणे विद्यापीठाच्या पदवीवर सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. लासलगावच्या मुलांच्या हाती तीच पदवी पडते. पदवीवर सावित्रीमाई आल्या, आता चषकाचीही पाळी येऊ द्या.

येथे एक आक्षेप आपल्याच घरातून येणार आहे, त्याला तोंड दिले पाहिजे. बाळू पालवणकर राजकारणात बाबासाहेबांच्या बाजूने नव्हते. त्यांनी संयुक्त मतदारसंघाचा पक्ष घेतला, पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत ते काँग्रेसच्या तिकिटावर थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. हे सारे खरे आहे आणि झाकून ठेवण्याचे कारण नाही. काँग्रेसने आपल्याच माणसाला आपल्या माणसासमोर उभे केले, हेही खरे आहे. परंतु इंग्लंडहून परतलेल्या बाळूंचा मुंबईतील अस्पृश्य समाजाने सत्कार केला तेव्हाचे मानपत्र तरुण भीमरावांनी लिहिले होते, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवले आहे. पुढचा राजकीय विरोध त्या मानपत्राला खोटे ठरवत नाही. बाळूंच्या राजकारणाशी आपला मतभेद आहे आणि राहील, त्यांचे ११४ बळी आणि त्यांच्या भावांचा बाणेदारपणा मात्र आपला आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. चर्मकार बांधवांना आंबेडकरी चळवळ परकी वाटावी, यासाठी प्रस्थापित पक्षांनी नव्वद वर्षे मेहनत घेतली आहे. आपणही आपल्या जयंतीच्या मंडपात त्यांच्या माणसांना किती जागा दिली? बौद्ध तरुणांनी पुढाकार घेऊन पालवणकरांच्या नावाचा चषक ठेवला, तर दहा भाषणांनी होणार नाही ते काम होईल. जातीअंताची भाषा बोलणाऱ्यांनी हे करून दाखवावे.

म्हणून लासलगाव आणि परिसरातील कार्यकर्त्यांपुढे आम्ही एक ठोस सूचना ठेवतो. शंभर कुटुंबांनी पाचशे-पाचशे रुपये काढले तर पन्नास हजार होतात. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेला यापेक्षा कमी लागत नाहीत! ही रक्कम महाविद्यालयाकडे रीतसर ठेव म्हणून द्यावी. सहा टक्के व्याज धरले तरी वर्षाला तीन हजार मिळतात. तेवढ्यात एका खेळाडूचे चांगले बूट आणि स्पर्धेचा प्रवास होतो. एक वर्ष मुलाला, एक वर्ष मुलीला द्यावे. नुसता पितळी कप देऊन बोळवण करू नये. कुस्तीगीर खाशाबा जाधव यांना १९५२ मध्ये हेलसिंकीला जाता आले, कारण कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक अशा रीतीने आले. शासनाचा अर्जुन पुरस्कार मात्र खाशाबांना मरणोत्तर मिळाला. खेळाडूला मदत लागते ती खेळण्याच्या वयात, हे आपल्या पारितोषिकाने विसरू नये.

चषकावर ‘कै.’ न लिहिता ‘स्मृतिशेष बाळू पालवणकर’ असे लिहावे. ज्यांनी त्यांना तंबूबाहेर ठेवले, त्यांच्या कैलासात त्यांना पाठवण्याची घाई आपण कशाला करावी? पारितोषिक देताना निवेदकाने दोन मिनिटे ते कोण होते हेही सांगावे, आणि त्यात १९३७ ही यावे. मुलांना अर्धा इतिहास देऊ नये. संस्थेने ठेव घ्यायला नकार दिला, तर तो लेखी मागावा. तसा तो आला तर पुढे काय करायचे, हे नामांतर पाहिलेल्या पिढीला शिकवायची गरज नाही.

लासलगावहून येवला फार दूर नाही. तेथेच १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. तिच्या आधी पाच वर्षे नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात दादासाहेब गायकवाडांसह हजारो सत्याग्रहींनी काठ्या झेलल्या. ज्या भूमीने देवळाचे दार ठोठावले आणि नंतर त्याकडे पाठ फिरवली, त्या भूमीला महाविद्यालयाचे कपाट उघडणे अवघड नाही. ४ जुलै हा बाळू पालवणकरांचा स्मृतिदिन. महाविद्यालये नुकतीच सुरू झालेली असतात, मैदाने ओली असतात, संघांच्या निवडी व्हायच्या असतात. त्या दिवशी ठेवीची पावती प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा आणि पुढच्या समारंभात आपल्या लेकरांना ते नाव ऐकू द्या.

जयभीम!