कप्तान व्हायला काय लागते?

मैत्रिणींनो, कड्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची नववीतली लेक शाळेच्या बास्केटबॉल संघात आहे आणि यंदा सरांनी तिलाच कप्तान केले. पण संघात तिच्यापेक्षा जास्त बास्केट टाकणारी दुसरी मुलगी आहे, ती रुसली. घरी सासूबाई म्हणतात, "पोरीच्या जातीला कशाला हवं पुढारपण?" आणि लेकच आता विचारते, "आई, मला जमेल का गं?"

प्रश्न पुष्कळ घरांतला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

जास्त बास्केट टाकणारीच कप्तान व्हावी, असे मुळीच नाही. मैदानावर 5 जणी असतात. आपल्या बाजूला चेंडू मिळाला की 8 सेकंदांत तो पलीकडच्या अर्ध्या भागात न्यायचा आणि 24 सेकंदांत बास्केटकडे टाकायचा. एवढ्या घाईत कोण मोकळी आहे हे हेरून, स्वतःचा मोह आवरून, तिच्याकडे चेंडू देणारी मुलगी संघाला हवी असते.

दुसरे, डोके शांत हवे. 5 फाउल झाले की खेळाडू बाहेर! रागाच्या भरात खेळणारी कप्तान ऐन वेळी बाकावर बसलेली दिसते. पंचांना काही विचारायचे तर खेळ थांबल्यावर, तेही अदबीने. भांडण नको, पण गप्प बसणेही नको.

तिसरे, आवाज. "मागे बघ", "इकडे दे" असे सारखे बोलत राहावे लागते. आपण मात्र मुलींना लहानपणापासून "हळू बोल" हेच शिकवतो, नाही का?

आता तुमच्या बीड जिल्ह्यातलेच उदाहरण सांगते. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारतीय महिला संघाची कर्णधार होती प्रियांका इंगळे, मूळची केज तालुक्यातली. 19 जानेवारीला अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 असे हरवले. खो-खोत धावणारीला एकटीने सगळ्यांना बाद करता येत नाही. वेळेवर खो द्यायचा आणि स्वतः खाली बसायचे, हीच त्या खेळाची रीत. बास्केटबॉलमधला पास म्हणजे तरी दुसरे काय? त्या खेळातही पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झालीच की.

तेव्हा लेकीला सांगा, रुसलेल्या मैत्रिणीकडे आपण होऊन जा आणि म्हण, "मी चेंडू देते, तू टाक." कप्तानाने मान मागायचा नसतो, आधी द्यायचा असतो.

घरी तुम्ही काय कराल? ती खेळून आली की "किती बास्केट टाकल्यास?" असे विचारू नका, "आज कुणाला पास दिलास?" असे विचारा. हरून आली तर दुसऱ्या मुलीला नावे ठेवू नका. एखाद्या रविवारच्या बाजाराचे पैसे तिच्या हाती द्या, काय आणायचे ते तिला ठरवू द्या. भावालाही कामाला लावायची मुभा द्या. सरावाला जाण्याआधी मूठभर शेंगदाणे नि गूळ, आल्यावर लिंबू-मीठ-साखरेचे पाणी आणि रात्री भाकरी, वरण, भाजी पोटभर. एवढे पुरे, महागडे डबे नकोत.

सासूबाईंशी वाद घालू नका. एकदा सामना पाहायला त्यांनाच घेऊन जा. नातीच्या नावाने टाळ्या वाजल्या की निम्मे काम होईल!

एक मात्र मनावर घ्या. दहावी झाली की लेकीला उजवून टाकण्याची घाई अजूनही कित्येक घरांत होते. अठराच्या आत मुलीचे लग्न लावणे कायद्याने गुन्हा आहे, तरी होते. अशा वेळी चार मोठ्या माणसांसमोर "मला अजून शिकायचंय" म्हणायला मुलीला आवाज लागतो, आणि तो एका दिवसात येत नाही. रोज संध्याकाळी मैदानावर मैत्रिणींना हाका मारून तो तयार होतो. म्हणून कप्तानपदाला नुसती हौस समजू नका. स्वयंपाकाला तासभर उशीर झाला तरी चालेल, सराव मात्र चुकवू देऊ नका.