फावल्या वेळचीं ठिकाणें

शहाण्यांचा वेळ कशांत जातो आणि मूर्खांचा कशांत, याचा निवाडा आपल्या सुभाषितकारांनीं फार पूर्वीं करून ठेविला आहे. त्या निवाड्यांत एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली दिसते. ती ही कीं, वेळ घालविणाऱ्याला आपण वेळ घालवीत आहों याची निदान शुद्ध असते. हल्लींची गोष्ट निराळी आहे. ‘पांचच मिनिटें’ असें म्हणून मोबाइल हातीं घेतलेला सद्गृहस्थ पाऊण तासानें मान वर करतो, आणि इतका वेळ काय पाहिलें असें विचारल्यास त्याला एकही गोष्ट धड आठवत नाहीं. झोप म्हणावी तर डोळे उघडे होते, आणि करमणूक म्हणावी तर चेहऱ्यावर हंसूं नव्हतें!

प्रथमच सांगून टाकतों कीं, आम्ही विरंगुळ्याचे वैरी नाहीं. दिवसभर कचेरींत मान मोडून आलेला मुलगा, स्वयंपाकघर आवरून नुकतीच टेकलेली सून, दुपारची झोप न लागणारे आजोबा व परीक्षेच्या धास्तीनें शिणलेली नात, या प्रत्येकाला घटकाभर मन रमविण्याचा हक्क आहे. त्या घटकेंतूनही कांहीं ज्ञान मिळालेंच पाहिजे असा हट्ट धरणें हें एक प्रकारचें कार्पण्यच होय. आमचा प्रश्न इतकाच आहे कीं, ज्यानें मन रमावें तें खरोखर रमतें काय?

तें कां रमत नाहीं याचें एक कारण यंत्राच्या रचनेंतच आहे. पूर्वीं संकेतस्थळावरील मजकुराला पान असे व पानाला तळ असे. तळ आला म्हणजे पुढील पानासाठीं कळ दाबावी लागे, आणि त्या क्षणभराच्या अवकाशांत ‘आतां पुरे’ असें म्हणण्यास मनाला सवड मिळे. २००६ सालीं एझा रॅस्किन या अमेरिकन तंत्रज्ञानें तळच काढून टाकणारी युक्ति शोधून काढली. खालीं सरकावें तसतसा नवा मजकूर आपोआप येत राहतो. पुढें या शोधाबद्दल त्यानें स्वतःच जाहीरपणें खेद व्यक्त केला आहे. पंगतींत वाढपी ‘आणखी वाढूं का?’ म्हणून विचारतो, म्हणून आपल्याला पानावर आडवा हात धरतां येतो. येथें विचारणाराच कोणी नाहीं. पान रिकामें दिसूं नये एवढीच दक्षता घेतलेली. मनुष्य जितका अधिक वेळ बसेल तितक्या अधिक जाहिराती त्याच्या दृष्टीस पडतात, आणि यजमानाच्या औदार्याचें खरें कारणही तेंच.

तेव्हां आम्ही दोन कसोट्या सुचवितों. त्या ठिकाणाला शेवट आहे काय, ही पहिली. आणि तेथून उठल्यावर घरांतल्या दुसऱ्या माणसाला सांगण्यासारखें कांहीं हातीं उरतें काय, ही दुसरी. या कसोट्यांना उतरणारीं कांहीं ठिकाणें पुढें देत आहों.

पहिलें ठिकाण म्हणजे नील अगरवाल या तरुण अमेरिकन कलावंताच्या ‘नील डॉट फन’ या संकेतस्थळावरील ‘द डीप सी’ हें पान. येथेंही बोटानें खालीं खालींच सरकावयाचें असतें. परंतु आपण सरकतों तें समुद्रांत. कडेला खोलीचे मीटर वाढत जातात, आणि त्या त्या खोलीवर राहणारे जीव चित्ररूपानें भेटूं लागतात. हजार मीटरांच्या सुमारास सूर्यप्रकाश संपतो. आपलें कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे; म्हणजे त्या शिखराच्या उंचीइतकेंही खालीं गेलों नाहीं तोंच काळोख! सुमारें ३,८०० मीटरांवर टायटॅनिक जहाजाचे अवशेष आहेत. तळ लागतो तो सुमारें १०,९०० मीटरांच्या पलीकडे, जेथें १९६० सालीं झाक पिकार व डॉन वॉल्श हे दोघे ‘ट्रिएस्ट’ नांवाच्या यानांतून प्रथम पोहोंचले. एव्हरेस्ट शिखर तेथें बुडविलें तरी त्याच्या माथ्यावर दोन हजार मीटर पाणी राहील. नातवानें बोट सरकवावें व आजीनें प्राण्यांचे आकार पाहून नवल करावें, असा हा खेळ आहे. आणि तळ लागल्यावर तो आपोआप संपतो.

ज्यांना इंग्रजी शब्दांची आवड आहे त्यांच्यासाठीं ‘वर्डल’ आहे. पांच अक्षरांचा एक गुप्त शब्द सहा प्रयत्नांत ओळखावयाचा. अक्षर योग्य जागीं असेल तर हिरवें होतें, शब्दांत असून जागा चुकली असेल तर पिवळें होतें. जॉश वॉर्डल या गृहस्थानें हा खेळ शब्दकोड्यांची आवड असलेल्या आपल्या सहचारिणीसाठीं, पलक शाह यांच्यासाठीं, रचिला. सोपे व परिचित शब्द निवडण्याचें कामही त्यांनींच केलें. ऑक्टोबर २०२१ मध्यें तो सर्वांस खुला झाला. १ नोव्हेंबर रोजीं तो खेळणारे अवघे नव्वद लोक होते. दोन महिन्यांत ते तीन लाखांवर गेले, आणि जानेवारी २०२२ मध्यें न्यूयॉर्क टाइम्स या पत्रानें तो विकत घेतला. यांतील खरी मौज ही कीं, दिवसाला शब्द एकच आणि तो सर्व जगाला सारखाच. दुसरा हवा असेल तर उद्यां यावें! तीनचार मिनिटांपलीकडे वेळ न मागणारा खेळ इतका लोकप्रिय व्हावा, यावरून लोकांना तळ नको असतो ही समजूत कितपत खरी, याचा विचार करावा.

बुद्धिबळाची आवड ज्या घरांत आहे तेथें ‘लिचेस’ हें संकेतस्थळ अवश्य पाहावें. तीबो द्युप्लेसी या फ्रेंच तंत्रज्ञानें तें २०१० मध्यें सुरू केलें. तें पूर्णपणें विनामूल्य आहे, तेथें एकही जाहिरात नाहीं, आणि त्याचा खर्च खेळणाऱ्यांच्या ऐच्छिक देणग्यांवर चालतो. तेथें डावांवर डाव मांडून रात्र काढतां येईल हें खरें. म्हणून आम्ही सुचवितों तें दररोजचें एकच कोडें. घरांत पट असेल तर पडद्यावरील स्थिति त्यावर मांडावी व चहाच्या वेळीं सर्वांनीं मिळून सोडवावी. काकांची चाल आणि पुतणीची चाल यांतली कोणती खरी, याचा निकाल पटावरच लागतो. तेथें वडीलकीचा उपयोग होत नाहीं, आणि हाही त्या खेळाचा एक गुणच होय.

ज्यांचे डोळे पडद्यानें शिणतात त्यांच्यासाठीं ‘रेडिओ गार्डन’. नेदरलंड्समध्यें २०१६ सालीं निघालेल्या या ठिकाणीं पृथ्वीचा गोल दिसतो व त्यावर हिरवे ठिपके असतात. ठिपक्यावर थांबावें कीं त्या गांवचें नभोवाणीकेंद्र त्या क्षणीं जें बोलत किंवा गात असेल तें ऐकूं येतें. आपली संध्याकाळ व्हावी आणि कुठल्या तरी दूरच्या शहरांत सकाळच्या बातम्या चालू असाव्या, याचें कौतुक भूगोलाच्या पुस्तकानें होत नाहीं तितकें येथें होतें. ज्यांचीं मुलें परदेशीं नोकरीस आहेत अशा आईबापांनीं त्या त्या शहराचें केंद्र लावून पाहावें. भाषा समजली नाहीं तरी, मुलगा ज्या हवेंत राहतो त्या हवेंतला आवाज ऐकल्याचें समाधान कांहीं थोडें नाहीं.

आतां आपल्या भाषेकडे वळूं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश जुन्या घरांच्या कपाटांत पुष्कळांनीं पाहिला असेल. त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ति शिकागो विद्यापीठानें आपल्या संकेतस्थळावर सर्वांस मोफत उपलब्ध करून दिली आहे. तेथेंच दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही चाळतां येतो. कोश ही करमणुकीची वस्तु आहे काय, असें कोणी विचारील. त्यानें हा खेळ करून पाहावा : वडील मंडळींनीं घरांतून नाहींसा झालेला एखादा शब्द सांगावा, म्हणजे फडताळ, शिंकें, परसू, वैरण किंवा खुंटाळें. मुलांनीं आधीं अर्थाचा तर्क करावा व मग कोशांत पाहावें. शब्द सांपडला कीं त्याच्या शेजारचे चार शब्द दिसतात, त्यांतून एखादी म्हण निघते, म्हणीवरून आत्याबाईंना कोणाची तरी आठवण होते, आणि कोश बाजूला राहून गप्पा सुरू होतात. ज्या करमणुकीचा शेवट गप्पांत होतो तिला आम्ही उत्तम करमणूक समजतों.

याच जातीचें दुसरें ठिकाण मराठी विकिपीडिया. तो १ मे २००३ पासून चालू आहे. त्यांत ‘अविशिष्ट लेख’ अशी एक कळ आहे. ती दाबली कीं कोणत्याही विषयाचा कोणताही लेख समोर येतो, मग तो एखाद्या नदीचा असो कीं विस्मृतींत गेलेल्या नटाचा. रोज एकच लेख वाचावा. तेथें कोणीही लिहूं शकतो, म्हणून एखादी गोष्ट संशयास्पद वाटल्यास मराठी विश्वकोशाशीं ताडून पाहावी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं वाई येथें ज्याचा पाया घातला तो वीस खंडांचा कोशही आतां महाजालावर वाचावयास मिळतो. दोन ठिकाणीं दोन मतें आढळलीं तर तो वाद जेवतांना पुरतो.

शेवटचें ठिकाण असें आहे कीं, तेथें घालविलेला वेळ दुसऱ्याच्याही कामास येतो. जुलै २००७ मध्यें ‘गॅलेक्सी झू’ हा उपक्रम निघाला. दुर्बिणींनीं टिपलेल्या लाखों दीर्घिकांच्या चित्रांची वर्गवारी करण्यास शास्त्रज्ञ अपुरे पडूं लागले, तेव्हां त्यांनीं सामान्य लोकांस हांक मारली : चित्र पाहा आणि दीर्घिका गोलसर आहे कीं सर्पिल, एवढेंच सांगा. त्याच वर्षीं हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेला एका दीर्घिकेजवळ एक विचित्र तेजस्वी ढग दिसला व तिनें ‘हें काय आहे?’ असें विचारलें. उत्तर कोणापाशींच नव्हतें! तो वायूचा एक प्रचंड पुंज निघाला. पुढें हबल दुर्बिणीनेंही त्याचें चित्र घेतलें, आणि आज तो त्या शिक्षिकेच्याच नांवानें ओळखला जातो. या उपक्रमांतूनच ‘झूनिव्हर्स’ हें मोठें ठिकाण उभें राहिलें. तेथें अरण्यांतील छायाचित्रांतून जनावरें ओळखणें, जुनीं हस्तलिखितें उतरवून देणें अशीं नाना कामें असतात. निवृत्त मंडळींनीं याकडे विशेष लक्ष द्यावें अशी आमची शिफारस आहे.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलणें जरूर आहे. मोबाइलच्या वेडाबद्दल बोल लावावयाचा तो मुलांना, अशी घरोघर रीत पडली आहे. परंतु रात्रीच्या जेवणानंतर दिवाणखान्यांत नजर टाकावी. आजोबा आलेले संदेश पुढें धाडण्यांत गुंतलेले, आजी पाककृतींच्या चित्रफितींत, वडील क्रिकेटच्या तुकड्यांत. आणि मुलांनीं मात्र पुस्तक घ्यावें असा उपदेश चाललेला असतो. मुलें उपदेश ऐकत नाहींत, तीं पाहत असतात. एका घरांत सात माणसें आणि सात पडदे असले तर एकत्र कुटुंब हें केवळ शिधापत्रिकेपुरतें उरतें. आणि मोडतें तें फार हळू. भांडण होत नाहीं, कोणी वेगळें निघत नाहीं, फक्त एकमेकांना सांगण्यासारखें कांहीं राहत नाहीं.

म्हणून वरील यादीपैकीं एखादें ठिकाण निवडून आठवड्यांतून एखादी संध्याकाळ सर्वांनीं एकाच पडद्यापाशीं बसून पाहावी. निवड पाळीपाळीनें करावी, आणि पाळी धाकट्यांपासून सुरू करावी. एकट्यानें पाहावयाचें तें ज्यानें त्यानें खुशाल पाहावें. मात्र उठल्यावर त्यांतली एक गोष्ट घरांत कोणाला तरी सांगावी. सांगण्यासारखें कांहींच आठवलें नाहीं, तर दुसऱ्या दिवशीं तें ठिकाण बदलून पाहावें.