गौरव कोणाचा, गल्ला कोणाचा?

एखाद्या खेळाडूच्या दीर्घ सेवेच्या सन्मानार्थ सामना भरवायचा आणि त्या सामन्याच्या उत्पन्नाची थैली त्याच्याच हाती द्यायची, ही प्रथा इंग्लंडात शंभराहून अधिक वर्षे चालत आलेली आहे. अशा सामन्याला तिथे 'टेस्टिमोनियल' म्हणतात. आपण त्याला गौरव सामना म्हणू. उत्तर इंग्लंडात रुजलेल्या रग्बी लीग या खेळात तर, एका क्लबाकडून साधारणपणे दहा वर्षे खेळलेल्या खेळाडूला असे एक संपूर्ण वर्षच बहाल केले जाते. एक सामना, त्याच्या आगेमागे भोजनसमारंभ, लिलाव, स्मरणिका, आणि हे सर्व चालविणारी एक समिती, असे त्या वर्षाचे स्वरूप असते. प्रश्न असा, की या खेळातील अग्रगण्य खेळाडूंना आता चांगले वेतन मिळते, जाहिरातींचे उत्पन्न मिळते. अशा सुस्थितीतील खेळाडूंनी चाहत्यांच्या खिशातून आलेला हा गल्ला घरी न्यावा काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. मात्र त्यामागे श्रीमंतीविषयीची असूया नाही. या प्रथेचा अर्थ काय, याविषयीची एक विशिष्ट समजूत आहे. ती मांडावी म्हणून हा लेखनप्रपंच.

साहित्याच्या अध्यापकांनी रग्बीच्या मैदानात का उतरावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की ही प्रथा मुळात मैदानावरची नाही. तिचे माहेर रंगभूमी आहे. इंग्लंडच्या नाटकगृहांत एखाद्या रात्रीचे उत्पन्न एकाच नटाला वा नाटककाराला देण्याची, म्हणजेच 'बेनिफिट'ची, पद्धत होती. नाटककाराचा वाटा प्रायः तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या प्रयोगाच्या उत्पन्नाचा असे. सॅम्युअल जॉन्सन यांचे 'आयरीन' हे नाटक १७४९ मध्ये नऊ रात्री चालले, आणि त्यांतील तीन रात्रींचे उत्पन्न त्यांना मिळाले. याच जॉन्सननी पुढच्या वर्षी मिल्टनच्या हलाखीत दिवस काढणाऱ्या नातीसाठी ड्रुरी लेन नाटकगृहात मिल्टनच्याच 'कोमस'चा मदतीचा प्रयोग घडवून आणण्यात पुढाकार घेतला आणि त्यासाठी प्रास्ताविक काव्य लिहिले. थोर कवीच्या वंशजाला उपाशी ठेवणे समाजाला शोभत नाही, ही त्या रात्रीमागची भावना होती.

पण या पद्धतीची दुसरी बाजूही वाङ्मयात नोंदली गेली आहे. डिकन्सच्या 'निकोलस निकलबी'मधील मिस स्नेव्हेलिची ही नटी आपल्या 'बेनिफिट'च्या रात्रीसाठी गावातील प्रतिष्ठितांच्या घरोघरी आश्रय मागत हिंडते. प्रसंग विनोदी आहे. परंतु ज्या स्त्रीच्या अभिनयावर नाटकमंडळी उभी आहे, तिला आपल्याच कमाईसाठी लोकांची दारे ठोठवावी लागतात, ही त्या विनोदामागची बोच वाचकाच्या मनातून जात नाही. पुरेसे वेतन न देता अधूनमधून एखादी रात्र 'तुझी' म्हणून देणे मालकांना सोयीचे होते. कलावंताची मिळकत हक्काकडून कृपेकडे सरकविण्याचाच तो एक मार्ग होता.

रंगभूमीवरून ही पद्धत क्रिकेटमध्ये गेली. यॉर्कशायरचे जॉर्ज हर्स्ट यांच्या १९०४ मधील बेनिफिट सामन्यातून व वर्गणीतून ३,७०३ पौंड जमले, ही त्या काळी मोठीच रक्कम होती. परंतु त्याच यॉर्कशायरमध्ये लॉर्ड हॉक यांच्या अमदानीत असा शिरस्ता होता, की बेनिफिटच्या रकमेचा दोन तृतीयांश भाग क्लबाने खेळाडूच्या वतीने गुंतवायचा. व्यावसायिक खेळाडूला पैसे हाताळण्याचे शहाणपण नसते, असे त्यामागचे गृहीतक. देणगी दिली, पण ती कशी वापरायची हे ठरविण्याचा अधिकार देणाऱ्याने आपल्याकडे ठेवला. आश्रयदात्याच्या औदार्याला अशी एक अदृश्य दोरी नेहमीच बांधलेली असते.

रग्बी लीगच्या जन्माकडे पाहिले, की या प्रथेतील विसंगती अधिकच ठळक होते. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लब एकत्र आले आणि रग्बीच्या मूळ संघटनेतून बाहेर पडले. तंटा कशावरून होता? खाणीत आणि गिरणीत राबणारा मजूर शनिवारी खेळायला गेला, की त्याची मजुरी बुडत असे. त्या बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी, एवढीच मागणी होती. दक्षिणेतील सुखवस्तू सभ्यजनांना ती खेळाच्या पावित्र्याला बट्टा लावणारी वाटली. उत्तरेच्या क्लबांनी वेगळे होऊन खेळाडूला दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई देऊ केली. मागणी दानाची नव्हती, दाम्याची होती. कष्टाचा मोबदला उघडपणे, हिशेबाने आणि हक्काने मिळावा, या आग्रहातून जो खेळ जन्माला आला, त्याच खेळात 'लोकांनी प्रेमाने दिलेल्या थैली'वर खेळाडूच्या उतारवयाची भिस्त असावी, हा इतिहासाचा एक विपर्यासच म्हटला पाहिजे.

अर्थात हा विपर्यास घडण्यास कारण होते. पुढील शंभर वर्षांत या खेळातील बहुसंख्य खेळाडू अर्धवेळच राहिले. आठवडाभर नोकरी, सायंकाळी सराव आणि शनिवार-रविवारी सामना, असे त्यांचे आयुष्य होते. गुडघे आणि खांदे निकामी होऊन तिशी-पस्तिशीत मैदान सुटे, तेव्हा हाती उरे ती गौरव सामन्याची थैलीच. ती देणारे प्रेक्षकही त्याच खाणीतले, त्याच गोदीतले. घेणारा आणि देणारा एकाच पंक्तीत बसलेले होते, म्हणून त्या देण्यात भीक नव्हती आणि घेण्यात लाचारी नव्हती. आमच्या मते या प्रथेचे सारे नैतिक बळ या बरोबरीत होते.

१९९६ मध्ये दूरचित्रवाणीच्या पैशावर 'सुपर लीग' सुरू झाली आणि ही बरोबरी मोडू लागली. अव्वल क्लबांचे खेळाडू पूर्णवेळ व्यावसायिक झाले. आता आघाडीच्या खेळाडूचे वार्षिक वेतन त्याच्या सामन्याचे तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाच्या कमाईच्या कितीतरी पट असू शकते. तरीही थैलीची रीत तीच राहिली.

या थैलीचे स्वरूप नेमके काय, हा प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयांनी फार पूर्वीच हाताळला आहे, आणि आमच्या युक्तिवादाचा कणा तिथेच सापडतो. केंटचे क्रिकेटपटू जेम्स सेमूर यांच्या १९२० मधील बेनिफिट सामन्याच्या उत्पन्नावर प्राप्तिकर खात्याने हक्क सांगितला. १९२७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला, की ही रक्कम वेतन नसून व्यक्तीविषयीच्या कृतज्ञतेतून दिलेली भेट आहे, म्हणून तिच्यावर कर नाही. पुढे लँकशायर लीगमध्ये खेळणारे व्यावसायिक क्रिकेटपटू ब्रूस डूलंड यांच्या बाबतीत उलट निर्णय झाला. चांगल्या खेळानंतर प्रेक्षकांत वर्गणी फिरविण्याची तरतूद त्यांच्या करारातच होती, म्हणून ती मिळकत ठरली व करपात्र झाली. थोडक्यात, जे आधीपासून ठरलेले आहे ते वेतन; जे न मागता, न ठरविता मिळते ते दान. ६ एप्रिल २०१७ पासून नियम बदलले. करारात नसलेल्या आणि स्वतंत्र समितीने भरविलेल्या गौरव उपक्रमांच्या उत्पन्नातून आयुष्यात एकदाच एक लाख पौंडांपर्यंत सूट मिळते, त्यावरील रकमेवर कर द्यावा लागतो. कायद्यानेही जणू कबूल केले, की या 'भेटी' आता पूर्वीसारख्या निरागस राहिलेल्या नाहीत.

धनिक खेळाडूच्या गौरव सामन्याविषयीचा आमचा आक्षेप इथेच आहे. त्याला दानाचे पावित्र्य हवे असते आणि वेतनाची खात्रीही हवी असते. दहा वर्षे झाली की थैली मिळणारच, असे सर्वांनीच गृहीत धरले, तर ती कृतज्ञता राहत नाही, तो रिवाजाने ठरलेला हप्ता होतो. आणि हप्ताच द्यायचा असेल, तर तो मालकाने द्यावा, प्रेक्षकाने नव्हे. क्लबाने आपल्या खेळाडूच्या दशकभराच्या निष्ठेचे मोल स्वतःच्या तिजोरीतून न करता ते चाहत्यांच्या भावनेवर ढकलावे, हा मिस स्नेव्हेलिचीच्या व्यवस्थापकाचाच हिशेब झाला.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही. पहिला मुद्दा असा, की तिकीट कोणावर सक्तीचे नसते. लोक राजीखुशीने देतात, मग तिसऱ्याने नाक का खुपसावे? हे खरे आहे. परंतु देणाऱ्याची खुशी ही घेणाऱ्याच्या विवेकाला सुटी देत नाही. यजमानाने आग्रह केला म्हणून पाहुण्याने त्याच्या लेकरांच्या वाटचेही खावे, असे कोणी म्हणत नाही. दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. सुपर लीगमध्ये क्लबाच्या एकूण वेतनखर्चाला मर्यादा आहे. गेल्या काही वर्षांत ती सुमारे एकवीस लाख पौंड राहिली आहे, आणि ती पंचवीसेक खेळाडूंत वाटली जाते. फुटबॉलच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ आहे. ऑगस्ट १८९५ मध्ये पैशावरून दुरावलेले रग्बी युनियन बरोबर शंभर वर्षांनी, ऑगस्ट १९९५ मध्ये, स्वतःच व्यावसायिक झाले आणि लीगच्या खेळाडूंना अधिक दाम मोजू लागले. ते प्रलोभन नाकारून जो आपल्या गावच्या क्लबात राहिला, त्याने काही गमावलेले असते. या खेळाडूविषयी आम्हाला आदर आहे. परंतु या मुद्द्याने सिद्ध होते ते इतकेच, की रग्बी लीगमधील सगळेच खेळाडू धनिक नाहीत. ज्याने खरोखर गमावले त्याने थैली घ्यावीच. जो सुस्थितीत आहे त्याच्या बाजूने हा मुद्दा उभा राहत नाही.

सुस्थितीतील खेळाडूने काय करावे, याचे उदाहरण फुटबॉलने दिले आहे. आयर्लंडचे निआल क्विन यांनी २००२ मध्ये संडरलंड येथे झालेल्या आपल्या गौरव सामन्याचे उत्पन्न, दहा लाख पौंडांहून अधिक, बालरुग्णालये व मुलांसाठीच्या कार्याला देऊन टाकले. वेन रूनी यांच्या २०१६ मधील सामन्याचे उत्पन्नही मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे गेले. आणि रग्बी लीगने त्याहून हृद्य उदाहरण दिले. १२ जानेवारी २०२० रोजी लीड्सच्या हेडिंग्ली मैदानावर ब्रॅडफर्डविरुद्ध जेमी जोन्स-ब्यूकॅनन यांचा गौरव सामना ठरला होता. त्याच सुमारास त्यांचे जुने सहकारी रॉब बरो यांना मोटर न्यूरॉन डिसीज हा असाध्य आजार झाल्याचे कळले. जोन्स-ब्यूकॅनन यांनी आपला सामना बरो यांच्याबरोबर वाटून घेतला. मैदान तुडुंब भरले, आणि शेवटची काही मिनिटे बरो स्वतः खेळायला उतरले. पुढे २ जून २०२४ रोजी वयाच्या ४१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या सामन्यात गौरव आणि गरज यांची गाठ पडली होती. मदत पुन्हा एकदा एका पंक्तीतल्या माणसांनी एकमेकांना केली होती.

ही दृष्टी मराठी वाचकाला अपरिचित नाही. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी तारे 'मानापमान'च्या संयुक्त प्रयोगात एकत्र उभे राहिले, तेव्हा गल्ला टिळक स्वराज्य फंडाकडे गेला. साहित्यिकाच्या षष्ट्यब्दीला थैली अर्पण करावी आणि त्याने तीत स्वतःची भर घालून ती एखाद्या संस्थेला परत करावी, हा रिवाजही आपल्याकडे मुरलेला आहे. थैली स्वीकारताना सत्काराचा मान राखला जातो, आणि ती पुढे देताना देणाऱ्यांचाही.

मात्र इथे एक इशारा देणे आम्हाला आवश्यक वाटते. धनिक खेळाडूंनी थैली दान करण्याचा पायंडा पडला, की मध्यम कुवतीच्या खेळाडूवरही तसेच करण्याचे अदृश्य दडपण येते. दहा वर्षे बचावफळीत अंग मोडून घेतलेल्या, प्रसिद्धीच्या झोतात कधीच न आलेल्या माणसाला, 'अमक्याने दान केले, तुम्ही का नाही?' असे विचारणे क्रूरपणाचे होईल. शिवाय दहा वर्षांची अट पुरी करणारेच भाग्यवान. सातव्या वर्षी मान दुखावून घरी बसलेला, किंवा चार क्लब फिरावे लागलेला खेळाडू या प्रथेच्या कक्षेतच येत नाही, आणि नेमकी त्यालाच गरज अधिक असते.

म्हणून प्रथा बंद करावी, असे आम्ही म्हणत नाही. गौरव सामने व्हावेत, मैदाने भरावीत, लोकांनी आपल्या खेळाडूला उभे राहून मानवंदना द्यावी. खेळाडू सुस्थितीत असेल, तर उत्पन्न जखमी व निवृत्त खेळाडूंच्या सामायिक निधीकडे जावे. नसेल, तर ते निःसंकोचपणे त्याच्या घरी जावे, आणि त्याला कोणी जाब विचारू नये. कोणाच्या बाबतीत काय होणार, हे समितीने तिकिटे विकण्यापूर्वीच जाहीर करावे, म्हणजे देणाऱ्याला आपण कोणाला देत आहोत हे कळेल. १९८१ पासून शारजात भरलेल्या क्रिकेट सामन्यांमागे अशीच कल्पना होती. त्या काळचे नामवंत खेळत, आणि लाभ मिळे तो ज्यांच्या उमेदीच्या काळात खेळात पैसा नव्हता अशा भारत-पाकिस्तानच्या जुन्या खेळाडूंना.

१८९५ मध्ये हडर्सफील्डला जमलेल्या मंडळींनी बुडालेल्या मजुरीचा हिशेब मागितला होता. ज्याची मजुरी बुडालेली नाही, त्याने त्या हिशेबात आपले नाव घालू नये, इतकेच आमचे मागणे आहे.