ग्रंथदालनांतील हवा स्थिर राखण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, हिंगोली यांचे सेवेशी
मार्फत : जिल्हा ग्रंथालय अधिकारी, हिंगोली

विषय : नरसी नामदेव व परिसरातील वाचनालये, मठ आणि खाजगी घराणी यांजकडील पोथ्या व जुने छापील ग्रंथ यांच्या जतनासाठी इमारतींची दुरुस्ती, साधने व देखरेख यांची तजवीज करण्याबाबत.

महोदय,

कयाधूच्या काठी वसलेल्या आमच्या गावी वारकरी येतात, तसेच नांदेडच्या तख्ताचे दर्शन घेऊन शीख भाविकही येतात. कारण शके ११९२ मध्ये, म्हणजे इ. स. १२७० साली, जन्मलेल्या ज्या नामदेवरायांचे अभंग मराठी माणसाच्या मुखी आहेत, त्यांचीच ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झालेली आहेत. देऊळ, घाट, रस्ते व भक्तनिवास यांविषयी या गावाने वेळोवेळी अर्ज-विनंत्या केल्या आणि त्या रास्तच होत्या. परंतु ज्या वाणीमुळे गावास हे महत्त्व आले, ती वाणी ज्या कागदावर उतरली त्या कागदाची आज काय अवस्था आहे, याविषयी कोणी सरकारदरबारी दाद मागितल्याचे आमच्या ऐकिवात नाही. सबब हे निवेदन.

आमच्यापाशी फार मोठा किंवा दुर्मिळ संग्रह आहे असा आमचा दावा नाही. गावोगावच्या वाचनालयांतील चरित्रे व कादंबऱ्या, मठांच्या फडताळांतील संतवाङ्मय, वारकरी घराण्यांत देव्हाऱ्याशेजारी रुमालात बांधून ठेवलेल्या पोथ्या, निजामी अमलातील मोडी व उर्दू कागद, आणि नामदेवांच्या सातशेव्या जयंतीच्या निमित्ताने १९७० साली खुद्द महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेली गाथा, असा हा संमिश्र ऐवज आहे. यात पाहणाऱ्यास चमत्कारिक वाटावी अशी गोष्ट ही की, जे अधिक जुने तेच बहुधा अधिक धडधाकट असते. हातकागदाची दोनशे वर्षांची पोथी सहज उलगडते आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वी छापलेल्या पुस्तकाचे पान मात्र कोपऱ्यात दुमडताच तुटून हातात येते. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यासारख्या ठिकाणी पूर्वी जो कागद होई तो चिंध्यांच्या लांब व चिवट तंतूंचा असे. पुढे एकोणिसाव्या शतकात यंत्रावर लाकडाच्या लगद्याचा कागद निघू लागला आणि त्यावर शाई फुटू नये म्हणून राळ व तुरटी यांची खळ देण्याचा प्रघात पडला. या तुरटीतून आम्ल निर्माण होते आणि ते आम्ल कागदाचे तंतू आतूनच तोडीत राहते. हा दोष जन्मजात असल्याने तो कोणत्याही खात्यास काढून टाकता येणार नाही; परंतु तो किती वेगाने फळास येईल हे मात्र ज्या खोलीत पुस्तक ठेवले त्या खोलीच्या हवेवर अवलंबून असते, आणि ती हवा काही अंशी आपल्या हाती आहे.

वैशाखात आमच्याकडे पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढतो आणि दुपारच्या हवेतील सापेक्ष आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते. पुढे दोन-तीन महिन्यांतच, श्रावणाच्या झडीत, तीच आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाऊन दिवसेंदिवस तेथेच ठाण मांडते. कागद हा हवेतील ओलावा शोषणारा व सोडणारा पदार्थ असल्यामुळे कोरड्या दिवसांत त्याच्या वजनाच्या शेकडा चार-पाच इतकेच असणारे पाणी पावसाळ्यात शेकडा दहाच्याही पुढे जाते. पान फुगते, पुठ्ठा वेगळ्या प्रमाणात फुगतो, सरस आणि कापड आणखी वेगळ्या. आणि दरवर्षी ही ओढाताण झाल्यावर बांधणी सैल पडली तर त्यात वाचकाच्या हाताळणीचा दोष थोडा व हवेचा अधिक असतो. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीचे बीज रुजते व कसर वाढते. उलटपक्षी अतिशय कोरड्या हवेत कागद ठिसूळ होतो. उष्णतेचे कार्य याहून गुप्त आहे. तपमान पाच ते दहा अंशांनी वाढले की कागद झिजविणाऱ्या रासायनिक क्रियेचा वेग सुमारे दुपटीने वाढतो, असे या विषयाचे जाणकार मानतात. अर्थात पत्र्याखाली चाळीस अंशांत काढलेला एक उन्हाळा हा पंचवीस अंशांच्या खोलीतील कित्येक उन्हाळ्यांच्या बरोबरीचा ठरतो.

आता या संकटास अधिक धारदार कोणी केले, तर ते आम्हीच, आमच्या नव्या बांधकामांनी केले, असे खेदाने नमूद करावे लागते. मराठवाड्यातील जुनी माळवदाची घरे, त्यांच्या दोन-दोन हात रुंद भिंती, लाकडी सरांवर अंथरलेला मातीचा जाड थर आणि लहान झरोके यांमुळे बाहेरचे ऊन आत पोचेपर्यंत रात्र होई आणि रात्रीचा गारवा पोचेपर्यंत दिवस उजाडे. माळवद गळत नसेल तर अशा घराच्या मधल्या खोलीत ठेवलेल्या पोथीस ऋतू बदलल्याची वार्ता उशिरा व सौम्य होऊनच कळे. त्या जागी आज सपाट स्लॅब किंवा पत्रे आणि वीतभर जाडीच्या भिंती आल्या. टिकाऊपणाच्या दृष्टीने ही प्रगती खरीच. परंतु पुस्तकांच्या दृष्टीने पाहिले असता दुपारी भट्टी आणि पहाटे गारठा असा फेरा त्यांच्या नशिबी रोज आला. जर्मनीतील कलोन शहराने १९७१ साली आपल्या ऐतिहासिक दफ्तरखान्यासाठी जी इमारत उभारली, तिचे तत्त्व माळवदाहून फारसे निराळे नव्हते : जाड विटांच्या भिंती, अरुंद झडपा, नैसर्गिक वायुवीजन, आणि यंत्रांवर शक्य तितके कमी अवलंबन. तो नमुना पुढे अनेकांनी अनुसरला. ती इमारत २००९ साली कोसळली हे खरे. पण तेथे दोष भुयारी रेल्वेच्या खोदकामाकडे होता, भिंतींच्या जाडीकडे नव्हे. आपल्याकडेही पुण्यातील पेशवे दफ्तराची दगडी इमारत १८९१ सालापासून हाच धडा गिरवीत उभी आहे.

येथे एक विनंती विशेष आग्रहाने करावीशी वाटते, आणि ती कदाचित आपणांस अनपेक्षित वाटेल. निधी मंजूर झाला की ग्रंथालयास वातानुकूलन यंत्र घेऊन द्यावे, हा विचार प्रथम सुचतो. कारण यंत्र दिसते, त्याचे उद्घाटन होते व ते मोजताही येते. तसे यंत्र आम्हांस नको. कार्यालयीन वेळात चालणारे आणि सायंकाळी, रविवारी व वीज गेल्यावर बंद पडणारे यंत्र खोलीची हवा दिवसातून दोनदा उलटीसुलटी करते. पावसाळ्यात तर थंड झालेल्या भिंतींवर व पोलादी कपाटांवर बाहेरची दमट हवा येऊन दव धरते आणि ज्या बुरशीपासून रक्षण करावयाचे तिलाच आपण पाणी पाजतो. चोवीस तास वीज, आर्द्रता नियंत्रित करणारी जोड आणि दुरुस्तीचा कायमचा खर्च या तिन्हींची हमी असेल तेथेच यंत्राचा विचार व्हावा. आमची मागणी थंडाव्याची नसून स्थैर्याची आहे. पाठ्यपुस्तकांत २२ ते २५ अंश व ४५ ते ५५ टक्के आर्द्रता हा आदर्श सांगितलेला असतो. त्यापर्यंत पोचणे आम्हांस शक्य नाही हे आम्ही जाणतो, परंतु वर्षभराचा हेलकावा निम्म्यावर आणणे शक्य आहे आणि त्यास लागणारा खर्च यंत्रांच्या मानाने अल्प आहे.

त्यासाठी सर्वप्रथम छप्परांकडे लक्ष द्यावे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खालील नियमांत इमारत व साधनसामग्री यांसाठी अनुदानाची सोय आहे. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या समान व असमान निधीच्या योजना आहेत. आणि जिल्हा वार्षिक योजना आपल्याच देखरेखीखाली राबविली जाते. यांपैकी योग्य त्या शीर्षाखाली स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर, पत्र्याखाली हवेची पोकळी सोडून दुसरे छत, पश्चिमेच्या भिंतीस सावली आणि गळतीची पावसाळापूर्व दुरुस्ती यांची तरतूद व्हावी. या तीर्थक्षेत्राच्या विकासकामांत नव्या इमारती उभ्या राहतील तेथे ग्रंथदालनाची खोली आराखड्यातच मध्यभागी घ्यावी. पाण्याच्या टाकीखाली, स्वच्छतागृहाच्या भिंतीलगत किंवा वरच्या मजल्यावर गच्चीखाली ती ढकलू नये. बांधून झाल्यावर केलेली तक्रार कितीही न्याय्य असली तरी भिंत जाड करू शकत नाही.

दुसरे असे की, वाचनालयांचे अ, ब, क, ड हे वर्ग ठरविताना ग्रंथ, वृत्तपत्रे व नियतकालिके यांची मोजदाद होते. त्या ग्रंथांच्या प्रकृतीची चौकशी मात्र कोणत्याही रकान्यात होत नाही. प्रत्येक मान्य वाचनालयास एक साधा तापमापक व आर्द्रतामापक द्यावा, त्याची सकाळ-दुपारची नोंद रोजनाम्यात ठेवण्याचा हुकूम व्हावा, आणि वार्षिक तपासणीत तो रोजनामा रुजू करून घ्यावा. ग्रंथपालांना संवर्धनाच्या प्राथमिक गोष्टी शिकविण्याचा एखादा छोटा वर्ग जिल्ह्याच्या ठिकाणी भरवावा : कपाट भिंतीपासून वीतभर दूर व जमिनीपासून उंच का असावे, पाऊस पडत असता खिडक्या बंद व उघाडीच्या कोरड्या दिवशी उघड्या का ठेवाव्यात, भिजलेले पुस्तक सावलीत पंख्याखाली कसे वाळवावे. गोधड्यांप्रमाणे पुस्तकांनाही पावसाळा सरल्यावर ऊन दाखविण्याची जी चाल आमच्याकडे आहे, ती हातकागदास फारशी बाधली नसेल, पण लगद्याच्या कागदास ती पिवळा व ठिसूळ करते. हे सांगणारा माणूस कधी गावात आला नाही.

घराण्यांतील पोथ्यांविषयी एक नाजूक बाब आहे. सरकारी माणूस पोथी पाहावयास आला म्हणजे ती नेण्यासाठीच आला, अशी धास्ती लोकांच्या मनात आहे आणि तीपायी पोथी अधिकच अडगळीच्या व दमट जागी दडविली जाते. म्हणून या पोथ्यांची यादी करताना त्या मालकाच्याच ताब्यात राहतील असा लेखी दाखला द्यावा, आणि सोबत आम्लरहित कागदाचे वेष्टण व पेटी पुरवावी. छायाप्रती काढून संगणकावर ठेवण्याची योजना स्वागतार्ह आहेच. परंतु ठिसूळ पान यंत्रापुढे उघडण्यासाठी ते आधी शाबूत असावे लागते.

तसेच जीर्ण पुस्तकांचे निर्लेखन करताना जुन्या आवृत्त्या जाणकाराने पाहिल्याखेरीज रद्दीत जाऊ नयेत, असे परिपत्रक निघावे. ज्या काळात सभा भरविण्यासही निजामी सरकारची परवानगी लागे, त्या काळात मराठी वाचनालय चालविणे हे मराठवाड्यात धाडसाचेच काम होते. त्या पिढीने वर्गणी जमवून घेतलेली पुस्तके 'जीर्ण' या एका शब्दाने बाद व्हावीत, हे आम्हांस उचित वाटत नाही.

शेवटी पाहणीविषयी. तपासणी बहुधा आर्थिक वर्षाच्या अखेरीस, म्हणजे हवा कोरडी असताना होते. त्या वेळी भिंती स्वच्छ दिसतात, बुरशीचा वास विरलेला असतो आणि सर्व काही ठीक असल्याचा शेरा पडतो. या वर्षीची पाहणी श्रावण-भाद्रपदात, पाऊस चालू असतानाच व्हावी. पाहणीस सार्वजनिक बांधकाम विभागाचा एक अभियंता सोबत असावा. आणि आर्द्रतामापकांची खरेदी त्यापूर्वी, म्हणजे मृग नक्षत्र लागण्याच्या आत, पूर्ण व्हावी, अशी नम्र विनंती आहे. पाहणीच्या वेळी कुलपे उघडण्यास व दप्तर दाखविण्यास आम्ही हजर राहू.

कळावे,

आपले विश्वासू,
नरसी नामदेव येथील वाचक, वारकरी व ग्रामस्थ
ता. व जि. हिंगोली

प्रत माहितीस्तव : ग्रंथालय संचालक, महाराष्ट्र राज्य, मुंबई