कृष्णधवल सिनेमाला ४के कशाला? अपूच्या डिस्कवरून समजून घेऊ

मे २०२५ मध्ये कान महोत्सवात सत्यजित राय यांच्या 'अरण्येर दिन रात्रि'ची नवी ४के आवृत्ती दाखवली गेली. सिनेमा १९७०चा, कृष्णधवल. तो दुरुस्त करण्याच्या कामात मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनचाही सहभाग होता. याच सुमारास उलट्या दिशेच्या बातम्याही येत होत्या. नेटफ्लिक्सने पोस्टाने डीव्हीडी पाठवणं २०२३ मध्येच बंद केलं होतं, अमेरिकेतल्या 'बेस्ट बाय'ने डिस्क विकणं थांबवलं आणि २०२४च्या शेवटी एलजी ब्लू-रे प्लेअरच्या धंद्यातून बाहेर पडली. म्हणजे जुने सिनेमे उत्तम स्कॅन होतायत आणि ते स्कॅन नीट दाखवणारी यंत्रं दुकानातून गायब होतायत.

'स्ट्रीमिंग आहे की! डिस्क गेली तर काय बिघडलं?' असं वाटणं साहजिक आहे. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर शूट झालेल्या सिनेमाचं फार काही बिघडत नाही. फिल्मवर शूट झालेल्या कृष्णधवल सिनेमाचं मात्र बरंच बिघडतं.

आधी फिल्म कुठली ते बघा

कृष्णधवल फिल्मवरचं चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांनी बनलेलं असतं. पडद्यावर जी बारीक वळवळ दिसते ती हीच, तिला ग्रेन म्हणतात. ग्रेन म्हणजे चित्रावर बसलेली धूळ नाही, चित्रच त्याचं बनलेलं असतं. कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ निगेटिव्हवरून एक कॉपी निघते, तिच्यावरून दुसरी, मग थिएटरची प्रिंट. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर होतं तसं प्रत्येक पायरीला बारकावे जातात आणि काळं अधिक काळं, पांढरं अधिक पांढरं होत जातं. म्हणून डिस्कवर '४के' लिहिलंय की नाही यापेक्षा स्कॅन कशावरून केलाय हे महत्त्वाचं. पाचव्या हाताच्या प्रिंटचा ४के स्कॅन म्हणजे पुसट झेरॉक्सचा भारी फोटो.

अपू त्रयीचं उदाहरण यासाठीच घेतलं. 'पथेर पांचाली' (१९५५), 'अपराजितो' (१९५६) आणि 'अपूर संसार' (१९५९) यांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमधल्या एका लॅबला लागलेल्या आगीत होरपळल्या. जे उरलं ते फेकून न देता लॉस एंजेलिसला ऑस्करवाल्या अकादमीच्या संग्रहात ठेवलं गेलं. तेव्हा त्याचं काही करता येईल असं तंत्र नव्हतं. वीसेक वर्षांनी क्रायटेरियन कंपनी आणि अकादमीने हे काम हाती घेतलं आणि इटलीत बोलोन्याच्या लॅबमध्ये त्या कडक, ठिसूळ झालेल्या फिल्ममध्ये पुन्हा ओलावा आणला गेला. वितळलेली टेप आणि गोंद हाताने काढून, कडेची भोकं जुळवत जवळपास हजार तास काम चाललं. हिशोब असा निघाला: 'पथेर पांचाली'ची सुमारे ४० टक्के आणि 'अपराजितो'ची ६० टक्क्यांहून जास्त मूळ निगेटिव्ह वापरता आली. 'अपूर संसार'ची काहीच नाही, तो पूर्ण नंतरच्या कॉप्यांवरून केला. त्यामुळे डिस्क बघताना कुठे अचानक चित्र मऊ वाटलं तर प्लेअरला दोष देऊ नका, तिथे कदाचित मूळ फिल्मच उरलेली नाही.

(आपल्याकडे पुण्यात जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या. त्यात 'प्रभात'चाही ठेवा होता. तिथे होरपळलेलं जपून ठेवण्याइतकंही फारसं हाती लागलं नाही.)

राखाडी रंगाचं गणित

आता इंजिनिअरिंगचा भाग. व्हिडिओ साठवताना प्रत्येक पिक्सेलचा उजेड वेगळा लिहितात, पण रंगाची माहिती चार पिक्सेलमध्ये मिळून एकदाच. डोळ्याला रंगातला ढिसाळपणा फारसा कळत नाही म्हणून ही काटकसर. कृष्णधवल सिनेमाचं या काटकसरीत काही जात नाही. उलट रंगाचा डेटा जवळजवळ शून्य असल्यामुळे सगळे बिट उजेडाला मिळतात. ऐकायला मजा वाटते, पण इथेच गोची आहे: सगळं चित्र उजेडातच असल्यामुळे उजेडात झालेली चूक झाकायला दुसरं काही नसतं.

नेहमीच्या ८ बिट व्हिडिओत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २२० पायऱ्या असतात, १० बिटमध्ये ८७७. पायऱ्या कमी असल्या आणि वर जोरदार कॉम्प्रेशन झालं की भिंतीवर, आकाशात नकाशासारखे पट्टे दिसतात. 'अपराजितो'त कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी बनारसच्या घराच्या सेटवर कापड ताणून त्यावरून उजेड परतवला, म्हणजे उघड्या चौकात आभाळातून येतो तसा मऊ प्रकाश मिळेल. त्या घराचं सगळं सौंदर्य एका राखाडीतून दुसऱ्या राखाडीत हळूच सरकण्यात आहे. पट्टे पडले की मित्रांची सगळी मेहनत पाण्यात.

आणि ग्रेन? तो प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा असतो. व्हिडिओ कॉम्प्रेशन 'मागच्या फ्रेमपेक्षा काय बदललं' एवढंच साठवून जागा वाचवतं, आणि ग्रेनमध्ये तर सगळंच बदललेलं असतं. व्हीसीडीवर चित्र ३५२ बाय २८८ आणि सेकंदाला जेमतेम १.१५ मेगाबिट होतं, तिथे ग्रेनचा चिखलच व्हायचा. डीव्हीडीची कमाल ९.८, ब्लू-रेची ४०. फोनवरचं एचडी स्ट्रीमिंग सहसा एक आकडी मेगाबिटमध्येच भागवलं जातं.

बिट वाचवायला मग ग्रेन पुसतात. चित्र गुळगुळीत, चेहरे मेणाचे. 'किती क्लीन प्रिंट!' अशा कमेंट बहुतेक अशाच व्हिडिओखाली दिसतात. दुसरा मार्ग एव्ही१ कोडेकचा: ग्रेन काढून सिनेमा पाठवायचा, सोबत ग्रेन कसा होता याचं वर्णन, आणि तुमचा फोन त्यावरून नवा ग्रेन बनवून चिकटवतो. नेटफ्लिक्सने २०२५ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. मेणाच्या चेहऱ्यांपेक्षा हे कितीतरी बरं. पण ग्रेन काढताना त्याच्यासोबत गेलेला साडीचा पोत काही परत येत नाही, आणि जो ग्रेन तुम्ही बघता तो १९५५ सालचा नसतो. मला हे डिस्कला पर्याय म्हणून पटत नाही.

मग घ्यायची का डिस्क?

घेणार असाल तर आधी एक अडचण समजून घ्या. क्रायटेरियनची २०१५ची अमेरिकन ब्लू-रे रीजन 'ए'ची आहे आणि भारत रीजन 'सी'मध्ये येतो, त्यामुळे इथे घेतलेल्या साध्या प्लेअरवर ती चालत नाही. नंतर आलेल्या ४के यूएचडी डिस्कना रीजनची भानगडच नाही, पण त्यांना ४के प्लेअर लागतो. शिवाय आयातीचा खर्च. कॉलेजमधल्या मुलाला परवडेल असं हे प्रकरण नाही, हे मान्य. फिल्म क्लबने किंवा कॉलेजच्या लायब्ररीने मिळून घ्यायची ही गोष्ट आहे.

तोवर फोनवर बघत असाल तर डिस्प्ले 'व्हिव्हिड'वरून 'नॅचरल'वर आणा आणि रात्रीचा पिवळा फिल्टर बंद करा, नाहीतर राखाडी रंग चहासारखा दिसेल. टीव्हीवर नॉइज रिडक्शन आणि मोशन स्मूदिंग दोन्ही बंद. आणि दोन बोटांनी झूम करून कडेच्या काळ्या पट्ट्या घालवू नका. हे सिनेमे जवळजवळ चौकोनी आहेत, २०:९च्या स्क्रीनवर ते पूर्ण पसरवले तर वरून-खालून मिळून साधारण ४० टक्के चित्र कापलं जातं.