ड्रायर सुरूच होत नाही? आधी दार तपासा!

पाऊस सलग चार दिवस थांबलेला नाही. दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेत नाहीत, युनिफॉर्मला कुबट वास येतोय. तुम्ही मोठ्या आशेने ड्रायरमध्ये कपडे टाकता, बटण दाबता. पॅनेलवरचे दिवे लागतात, पण ड्रम काही फिरत नाही. मनात पहिला विचार येतो, 'गेलं मशीन! आता हजारोंचा खर्च.'

थांबा. गेल्या जुलैमध्ये आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. मेकॅनिक आला, त्याने दाराच्या खाचेतून बोटभर भुसा काढला, दार लावलं आणि ड्रायर सुरू! काम पाच मिनिटांचं, पण व्हिजिटचे पैसे पूर्ण द्यावे लागले. तुमचे ते पैसे वाचावेत म्हणून आजचा हा लेख.

दाराचा आणि मोटरचा संबंध काय?

ड्रायरच्या दाराला एक छोटी जीभ असते, तिला लॅच म्हणतात. दार लावलं की ही जीभ मशीनच्या खाचेत बसते आणि आतला छोटा स्विच दाबला जातो. स्विच दाबला गेला तरच मशीनला कळतं की दार बंद आहे. दार दिसायला बंद असलं, पण स्विच नीट दाबला गेला नसेल, तर मशीनच्या लेखी ते उघडंच असतं. म्हणून ड्रम फिरत नाही.

घरी काय तपासाल?

१. आधी सोप्या गोष्टी पाहा. चाइल्ड लॉक चालू राहिलं आहे का? एखादी बाही, नाडी किंवा ओढणीचं टोक दारात अडकलं आहे का? कपडे इतके कोंबले आहेत का, की ते दाराला आतून ढकलतायत?

२. दार लावताना कान द्या. बऱ्याच मॉडेल्समध्ये 'टिक' असा आवाज येतो. ड्रममध्ये दिवा असेल तर तो दार उघडल्यावर लागतो का, हेही बघा. आवाजही नाही आणि दिवाही लागत नाही, तर संशय स्विचवर किंवा लॅचवर घ्यायला हरकत नाही.

३. आता प्लग काढा. फक्त बटण बंद करून भागत नाही, पिन सॉकेटमधून बाहेर हवी. ड्रायर नुकताच चालला असेल तर थंड होऊ द्या. हात आणि फरशी कोरडी असू द्या.

४. खाच साफ करा. कपड्यांमधून सुटणारे बारीक तंतू, म्हणजेच लिंट, इथे साचत जातात. जुन्या, कोरड्या टूथब्रशने ते काढा. दाराभोवतीचं रबर किंवा फेल्ट ओलसर फडक्याने पुसून कोरडं करा. तेल, ग्रीस काही लावू नका, त्यावर लिंट आणखी चिकटते आणि कपड्यांना डाग पडतात.

५. लॅच बघा. जीभ तुटली, झिजली किंवा वाकडी झाली आहे का? मोबाइलचा टॉर्च मारून खाचेतही पाहा.

६. बिजागऱ्या तपासा. ओल्या कपड्यांचा पिळा किंवा बादली दारावर टेकवायची सवय असेल, तर दार हळूहळू खाली झुकतं आणि जीभ खाचेसमोर येत नाही. दार किंचित वर उचलून लावल्यावर नीट बसत असेल, तर दोष इथेच आहे. बाहेरून दिसणारे स्क्रू बेताने आवळून पाहा.

एवढं झाल्यावर प्लग लावून मशीन सुरू करा. चाललं तर उत्तमच! नाही चाललं, तर मात्र टेक्निशियनला बोलवा. मशीनचं आवरण स्वतः उघडू नका. वॉरंटी चालू असेल तर मुळीच नाही.

हा 'जुगाड' नको

आमची गोष्ट अजून संपलेली नाही. महिन्याभराने ड्रायर पुन्हा बंद पडला. या वेळी स्विच खरंच गेला होता. ओळखीतला एक इलेक्ट्रिशियन म्हणाला, "ताई, नवा स्विच कशाला? दोन वायरी जोडून डायरेक्ट करून देतो, कायमची कटकट मिटेल."

मी जवळजवळ हो म्हणणार होते. तेवढ्यात आईने विचारलं, "म्हणजे दार उघडलं तरी मशीन थांबणार नाही?" तो म्हणाला, "नाही थांबणार." त्याच वेळी माझा अडीच वर्षांचा भाचा ड्रायरच्या गोल दाराशी खेळत बसला होता. आईने एवढंच सांगितलं, "मग नवाच स्विच टाका."

तुम्हीही हेच करा. दार उघडल्यावर ड्रम थांबावा यासाठीच तर तो स्विच असतो. तो डायरेक्ट केला की फिरत्या ड्रममध्ये लहान मुलाचा हात जाऊ शकतो, ओढणी किंवा पदर अडकू शकतो. दार चिकटपट्टीने बांधून किंवा स्विचमध्ये काडी खुपसून ड्रायर चालवणं हेही तितकंच धोक्याचं.

घरात लहान मुलं असतील तर काम झाल्यावर दार लावा, चाइल्ड लॉक ठेवा आणि मेन बटण बंद करा. सुरू करण्यापूर्वी ड्रममध्ये एक नजर टाकाच. मांजर पाळलेली असेल तरीही, कारण तिला ती उबदार जागा फार आवडते.

पुन्हा बिघाड नको असेल तर

• प्रत्येक वापरानंतर लिंट फिल्टर साफ करा. साचलेली लिंट गरम होऊन पेट घेऊ शकते.
• महिन्यातून एकदा दाराची खाच ब्रशने झाडा.
• दार आपटू नका, त्यावर वजन टाकू नका.

आज सुट्टी असेल तर ड्रायरचं दार एकदा उघडून, टॉर्च मारून बघाच. पावसाळ्यात ऐनवेळी ओले कपडे हातात घेऊन उभं राहण्यापेक्षा ही पाच मिनिटं केव्हाही परवडतात!