शिव्या कोणाला झोंबल्या?

लॉस एंजलिसलगतच्या कॉम्प्टन शहरातील एन. डब्ल्यू. ए. या कृष्णवर्णीय तरुणांच्या रॅप चमूचा ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ हा अल्बम १९८८ साली निघाला आणि सभ्य अमेरिकेने नाके मुरडली. १९८९ मध्ये तर एफ. बी. आय.च्या एका अधिकाऱ्याने ध्वनिमुद्रिका कंपनीला निषेधाचे पत्र धाडले. आक्षेप कशाला? पोलिसांना हासडलेल्या शिव्यांना! त्या शिव्यांमागील दंडुक्याचे काय? १९९१ मध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीयाला पोलिसांनी केलेली अमानुष मारहाण चित्रफितीवर साऱ्या जगाने पाहिली. १९९२ मध्ये ज्यूरीने त्या पोलिसांपैकी एकालाही दोषी ठरवले नाही, तेव्हा लॉस एंजलिस पेटले. आगीची वर्दी या गाण्यांनी आधीच दिली होती.

परंतु याच अल्बममध्ये स्त्रियांना हीन लेखणारी गाणीही आहेत. त्यांविषयी एफ. बी. आय.च्या पत्रात अवाक्षर नव्हते. पोलिसाचा अपमान हा राज्यसंस्थेवरील घाला. स्त्रीचा अपमान मात्र बाजारातला खपाऊ माल! राज्यसंस्थेच्या या ढोंगावर आसूड ओढताना पुरोगाम्यांनी गायकांनाही सवलत देऊ नये. निम्म्या शोषितांना पायदळी तुडवणारे बंड अर्धेच बंड असते.